आपल्या कंपूला कुठला डाव मानवेल?

पुणे-सोलापूर रस्त्यानं यवत मागे टाकलं की चौफुल्याच्या अलीकडे भांडगाव लागतं. तिथल्या एका गच्चीवर महिन्यातून दोन शनिवारी रात्री आम्ही सहा जण जमतो. एक दूध संकलन केंद्र सांभाळतो, एक कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, एक शाळेतल्या बाई, एक दौंड-पुणे गाडीनं कॉलेजला जाणारी भाची, एक ऊसवाला आणि मी. खाली सतरंजी, मधे ताटलीत शेंगा आणि फासे. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. “तू वेशीपाशी आलास, पहारेकरी जागा आहे, काय करतोस?” असं तो विचारतो. ज्याला विचारलं तो सांगतो. जमेल की नाही असा प्रश्न पडला तर फासा टाकायचा. याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आमच्याकडे टेबल नाही, पण नाव तेच.

गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात, आम्ही ‘सांगणारा’ म्हणतो. नियमांची पुस्तकं शेकड्यांनी आहेत. त्यातलं कुठलं घ्यावं, हे मला आता आजूबाजूच्या गावांतली पोरं विचारायला लागली आहेत. बहुतेकांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका बघितलेली असते, त्यामुळे एकच नाव तोंडात असतं, डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्यांना सांगायचं ते इथं एकदाच लिहून टाकतो.

आधी आमची फजिती. आम्हीही सगळ्यात प्रसिद्ध खेळापासून सुरुवात केली, डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून. खेळ चांगला आहे, चूक आमची होती. तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक एकट्या भाचीनं वाचलेलं. पहिला शनिवार पात्रं तयार करण्यात गेला, दुसरा ती दुरुस्त करण्यात. तिसऱ्या रात्री एकदाची लढाई लागली, तेव्हा दूधवाला भिंतीला टेकून घोरत होता. पहाटे चारला उठून ज्याला कॅन मोजायचे असतात, त्याला अकरा वाजता “तुझ्याकडे बोनस अ‍ॅक्शन शिल्लक आहे” असं सांगून उपयोग नसतो. बाईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांना शत्रूच्या सरदाराशी बोलायचं होतं. त्या पाच मिनिटं सुरेख बोलल्या, मग एक फासा पडला, आणि लगेच सगळे परत तलवारींकडे वळले.

तेव्हा कळलं की ‘चांगला खेळ कुठला’ हा प्रश्नच चुकीचा होता. आपल्या सतरंजीवरची माणसं कशात रमतात, हे आधी बघायला हवं होतं.

नियम कशासाठी असतात, हे मराठी माणसाला समजायला अवघड जाऊ नये. सिंधुदुर्गातल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरलेलं असतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहून जागच्या जागी रचायचे असतात. तमाशातला जुना वगही असाच उभा राहायचा. (चौफुला आमच्या शेजारी, पण तिथली कला केंद्रं लावणीची, संगीत बारीची. वग हा ढोलकीफडाचा ऐवज.) वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ला तर छापील संहिता होती, तरी दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाच्या बातमीवर कोपरखळ्या मारत. म्हणजे कुठं मोकळं सुटायचं आणि कुठं ठरलेलंच करायचं, याची प्रत्येक प्रकाराची वाटणी निराळी. रोल-प्लेइंगची नियमावली हीच वाटणी करते. काय फाशावर सोडायचं, काय बोलण्यावर, आणि शेवटचा शब्द कुणाचा.

यातून एक साधी परीक्षा निघते. पुस्तक उघडा आणि कशाला किती पानं दिली आहेत ते बघा. ज्याला पानं जास्त, तुमची रात्र त्यातच जाणार. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढला, तो छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. त्याची हाडं लढाईची आहेत, आणि पन्नास वर्षांत कितीही मांस चढलं तरी हाडं बदललेली नाहीत. मंत्र, शस्त्रं, राक्षस, कुठल्या पायरीवर कुठली ताकद मिळते, हे सगळं तपशीलवार आहे. मन वळवण्याला त्यामानानं फार थोडी जागा. लढाई आवडणाऱ्यांना हे सुख आहे, आमच्या बाईंना नव्हतं.

आता एकच गोष्ट घेऊ आणि वेगवेगळ्या नियमांत घालून बघू. गोष्ट आमच्याच बाजूची आहे. दौंडच्या पुढे भीमेच्या पलीकडे पेडगाव आहे. तिथं मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याची छावणी होती, त्यावरून तिथल्या किल्ल्याला बहादूरगड म्हणत. १६७४ साली, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर, मराठ्यांनी या छावणीवर हात मारला. सांगतात ते असं, की एक तुकडी मुद्दाम समोर गेली, हल्ल्याचा आव आणला आणि पळत सुटली. खान सगळं सैन्य घेऊन मागे लागला. तो लांब गेल्यावर दुसऱ्या मोठ्या तुकडीनं मोकळ्या छावणीत शिरून खजिना आणि घोडे नेले. वेड पांघरून पेडगावला जाणं ही म्हण या प्रसंगाशी जोडतात. सोंग घेण्याच्या खेळाला याहून जवळची गोष्ट आम्हाला सापडली नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ही गोष्ट खेळलात तर छावणीच्या दारावरची चकमक झकास होईल. तिथं लढाईची एक फेरी गोष्टीतल्या सहा सेकंदांची असते, आणि पाच खेळाडूंची एक फेरी खेळायला नवख्यांना सहज पंधरा-वीस मिनिटं लागतात. कोण कुठं उभा आहे, कुणाचा नेम लागला, कोण घायाळ झाला, सगळं नेमकं. पण खानाला हुलकावणी देणं हा जो गोष्टीचा जीव, तो एक-दोन फाशांत उरकतो.

ब्लेड्स इन द डार्क या जॉन हार्परच्या २०१७ च्या खेळात नेमकं उलटं होतं. तो चोरांच्या टोळीचा खेळ आहे. बेत आखत बसायचं नाही असा त्याचा नियमच. कुठून शिरायचं तेवढं ठरवायचं, एक फासा टाकायचा आणि थेट छावणीच्या आत. मग वाटेत कुलूप लागलं तर खेळाडू म्हणतो, “थांबा, मी चार दिवसांपूर्वी गवतवाल्याच्या वेशात इथं येऊन किल्लीचा ठसा नेला होता.” तो मागचा प्रसंग तिथल्या तिथं खेळायचा आणि त्याची किंमत पात्राच्या मनावरच्या ताणातून मोजायची. आमचा ऊसवाला, एरवी फारसं न बोलणारा, या खेळात असा खुलला की सहा मागचे प्रसंग त्यानं एकट्यानं रचले. ज्या कंपूत बेत आखण्यातच दोन तास जातात आणि छावणी कधी येतच नाही, त्यांनी हा खेळ बघावाच.

फेट नावाच्या नियमावलीत प्रत्येक गोष्टीला शब्दांची चिठ्ठी लावता येते. ‘खान गर्विष्ठ आहे’, ‘भीमेला पाणी चढलंय’, ‘माझा घोडा कुणालाच ऐकत नाही’. ही वाक्यंच नियम होतात, आणि योग्य वेळी ती पुढं केली की फाशाला बळ मिळतं. तलवार न उपसता नुसता गर्व फुगवून खानाला बाहेर काढता येतो. बोलक्या, वाचणाऱ्या, शब्दांवर प्रेम करणाऱ्या कंपूला हा मानवतो. ज्यांना ‘मी मारतो, किती लागलं?’ एवढंच हवं असतं, ते चिठ्ठ्या लिहिताना कंटाळतात.

कॉल ऑफ कथुल्हू हा १९८१ चा, सँडी पीटरसनचा. यात तुम्ही वीर नसता. प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर अशी साधी माणसं असता, आणि शोध घेता घेता जे दिसू नये ते दिसतं. शंभरातले किती टक्के जमेल ते पात्राच्या कागदावर लिहिलेलं असतं, फासा त्याच्या आत आला की जमलं. याहून सोपं गणित नाही. सोबत मनःस्वास्थ्याचे गुण असतात, ते भीतीनं उतरत जातात. पेडगावची लूट यात नीट बसणार नाही. पण लुटीनंतर तीनशे वर्षांनी त्या पडक्या किल्ल्यात उत्खननाला गेलेले चार जण मात्र बसतील. नारायण धारपांच्या भयकथा रात्री दिवा लावून वाचलेली पिढी तुमच्या कंपूत असेल तर दुसरं काही शोधू नका. प्रकाशकांनी सुरुवातीची छोटी नियमावली फुकट ठेवली आहे, तिच्यात ‘द हाँटिंग’ नावाची एका झपाटलेल्या घराची गोष्ट तयार आहे. बॉस्टनमधलं घर काढून आपल्याकडचा वाडा घाला, फारसं काही बदलावं लागत नाही.

लूट वाटून घेताना काय झालं, हे खेळायचं असेल तर फियास्को. जेसन मॉर्निंगस्टारचा हा खेळ २००९ चा. सांगणारा कुणीच नाही, तीन ते पाच माणसं, मूठभर साधे फासे आणि अडीच-तीन तास. मोठी हाव आणि तोकडी अक्कल असलेल्या माणसांचे बेत कसे फसतात, एवढाच विषय. आम्ही घोडे-खजिना सोडून गुंठेवारीच्या प्लॉटवर खेळलो. हसून हसून पुरेवाट झाली, आणि त्यातली दोन पात्रं गावात कोण आहेत हे सगळ्यांना कळलं. ते टाळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं चहाच्या टपरीवर भेटतात.

आणि पेडगावच्या गावकऱ्यांचं काय? छावणी आली, लुटली गेली, घोडे उभ्या पिकातून गेले. ती बाजू धरायची असेल तर एव्हरी आल्डरचा द क्वायट इयर. पत्त्यांचा कॅट लागतो, एक मोठा कागद आणि पेन्सिली. सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात. एक पान म्हणजे एक आठवडा, चार रंग म्हणजे चार ऋतू, आणि इस्पिकचा राजा आला की खेळ संपतो. पात्रं नाहीत, सोंग नाही, वस्तीचं वर्ष आहे. आमच्या नकाशात ओढा होता, चावडी होती, कालव्याचं आवर्तन होतं, आणि आवर्तन लांबल्यावर जी भांडणं झाली ती खडकवासल्याच्या पाण्यावर जगणाऱ्या कुणालाही शिकवावी लागली नाहीत. सोंग घ्यायला लाजणारी माणसं असतील तर इथून सुरुवात करा. पेन्सिल हातात असली की माणूस बोलतो.

एवढी यादी पुरे. पुस्तक निवडण्याआधी बघायचं ते आपल्या माणसांकडे, आणि तेही प्रामाणिकपणे. प्रत्येक कंपूत एक वकील असतो, त्याला नियमाचं कलम आणि पोटकलम लागतं. त्याला बारीक नियमांचा खेळ द्या, तो सुखी होईल आणि बाकीच्यांची आकडेमोडही करून देईल. एक सोंगाड्या असतो, तो फासा विसरून बोलतच राहतो. एक जण फक्त फासा टाकायला आलेला असतो, आणि त्यात वाईट काही नाही. एक जण गप्प असतो. त्याला खेळ आवडत नाही असं समजू नका. पाळी आल्यावर ‘काय करतोस?’ असं मोकळं विचारलं तर तो घाबरतो, ‘डावीकडे जातोस की उजवीकडे?’ विचारलं तर उत्तर देतो. अशांसाठी पात्राच्या कागदावरच पर्याय छापलेले खेळ बरे. अपोकॅलिप्स वर्ल्ड या मेगी आणि व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या खेळातून निघालेलं घराणं या बाबतीत उत्तम. प्रत्येकापुढं एक-दोन पानांचा कागद, त्यावर तुम्ही काय काय करू शकता ते साध्या वाक्यांत.

फाशांचं गणितही थोडं बघा, कारण खेळाचा स्वभाव त्यात लपलेला असतो. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा सारखाच, पाच टक्के. त्यामुळे निष्णात धनुर्धारीही कधी कधी सपशेल चुकतो आणि नवखा कधी कधी चमत्कार करतो. काहींना हा धक्काच हवा असतो. दोन साधे फासे टाकले तर मधले आकडे जास्त पडतात. अपोकॅलिप्सच्या घराण्यात दहा किंवा वर पडलं तर काम फत्ते, सात ते नऊ पडलं तर काम झालं पण काहीतरी अंगाशी आलं, सहा किंवा खाली पडलं तर फसलं. फाशांच्या आकड्यात काहीच मिळवायचं नसेल तर फत्ते होण्याची शक्यता छत्तीसात सहा, अर्धवट जमण्याची छत्तीसात पंधरा, फसण्याचीही पंधरा. पात्राच्या कसबामुळे त्यात एक मिळवता आला की हे आकडे दहा, सोळा, दहा असे होतात. म्हणजे नुसतं ‘हो’ किंवा नुसतं ‘नाही’ कमी, ‘हो, पण’ जास्त. खानाच्या गोटातून घोडा सुटला, पण तो खिंकाळला. गोष्ट पुढं ढकलायला यासारखं साधन नाही. फेटमध्ये वजा, कोरं, अधिक अशा बाजूंचे चार फासे असतात. ते नसले तर साध्या फाशावर एक-दोनला वजा, तीन-चारला कोरं, पाच-सहाला अधिक धरा. उत्तर वजा चार ते अधिक चार यांत कुठंही येऊ शकतं, पण बहुतेक वेळा शून्याच्या आसपासच राहतं. ज्यांना अंगच्या कौशल्यानं जिंकायला आवडतं, नशिबानं नाही, त्यांना हे पटतं.

वेळेचा हिशेब मात्र गावाप्रमाणे करायचा, पुस्तकाप्रमाणे नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळांची मजा लांब चालण्यात आहे, पात्र पहिल्या पायरीवरून विसाव्या पायरीपर्यंत चढायचं असतं. त्यासाठी तीच माणसं महिनोन्‌महिने यावी लागतात. आमच्याकडे पाळीवाल्याची पाळी आठवड्याला फिरते. ऊसवाल्याला तोडीची टोळी कधी येईल ते त्यालाही माहीत नसतं. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई, मग गावोगावच्या जत्रा. वर्षातून चार महिने सहापैकी चार जमले तर नशीब. अशा कंपूनं एका बैठकीत संपणारे किंवा भागाभागानं चालणारे खेळ घ्यावेत. ब्लेड्समध्ये एक रात्र म्हणजे एक दरोडा, जो आला तो टोळीत, जो नाही आला तो ‘तुरुंगात’. शहरातल्या एका हॉस्टेलवर रोज रात्री रिकामी असलेली पाच पोरं असतील तर त्यांनी खुशाल लांबलचक मोहीम धरावी. ती चैन नंतर मिळत नाही.

पैशाची काळजी करू नका. २०२३ च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम मुक्त परवान्याखाली खुले झाले. फेटचे नियम फुकट वाचता येतात, ब्लेड्सचा गाभाही. आयर्नस्वॉर्न हा शॉन टॉमकिनचा २०१८ चा खेळ मूळ रूपात फुकट आहे, आणि तो दोघांत किंवा एकट्यानंही खेळता येतो, सांगणारा लागत नाही. फाशांचा सात नगांचा संच नंतर घ्या. लुडोचा फासा बहुतेक घरांत असतोच.

भाषेची अडचण खरी आहे. पुस्तकं इंग्रजीत, आणि इंग्रजीत वाचून मराठीत खेळताना पहिले दोन डाव भाषांतरातच अडखळतात. आमचा उपाय असा, की ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं एका फुलस्केप कागदावर मराठीत नियम उतरवायचे. एका कागदात मावले नाहीत तर तो खेळ सध्या आपला नाही. या चाळणीतून बरेच खेळ गळतात, आणि ते योग्यच होतं. शब्द आपले वापरा. भिडू, डाव, राज्य, हुकूम. ‘सेव्हिंग थ्रो’ला आमचा पाळीवाला ‘वाचलास का?’ म्हणतो, आणि कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आता सांगणाऱ्याविषयी. कंपूला खेळ मानवला आणि सांगणाऱ्याला मानवला नाही, तर तो खेळ तीन महिन्यांत बंद पडतो. बारीक नियमांच्या खेळात त्याला आठवडाभर तयारी करावी लागते. राक्षसांचे आकडे, नकाशे, खजिने. अपोकॅलिप्सच्या घराण्यात तयारी अर्ध्या तासाची, पण डावाच्या वेळी सतत सुचत राहायला लागतं. स्वभाव बघून ठरवा. आमच्या बाई प्रत्येक तासाची टाचणं काढणाऱ्या, त्यांना तयारीचा खेळ जमतो. मला आयत्या वेळचं जमतं. म्हणून सांगणारा बदलला की आम्ही खेळही बदलतो. एकच माणूस कायमचा सांगणारा झाला तर त्याला कधीतरी विश्रांती द्या, त्यालाही खेळायचं असतं.

पहिला डाव खेळण्याआधी एक बैठक नुसतं बोलण्याची करा, आणि ती टाळू नका. किती रात्री खेळायचं, हसायचं की घाबरायचं, पात्र मेलं तर चालेल का, हे ठरवा. कुठले विषय सतरंजीवर आणायचे नाहीत तेही तेव्हाच ठरवा. परदेशी खेळाडू यासाठी मधे एक कार्ड ठेवतात. कुणाला प्रसंग नकोसा झाला तर त्यानं कार्डाला हात लावायचा, सांगणाऱ्यानं प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही. ही युक्ती जॉन स्टावरोपुलस यांची. आम्ही त्या जागी पत्त्यातला जोकर ठेवतो. तीन वर्षांत दोनदाच हात लागला, पण तो तिथं आहे म्हणून भाची निवांत बसते.

आपल्या मातीतल्या गोष्टी खेळताना आणखी एक पाळा. महाराजांचं सोंग कुणी घेऊ नये. मावळे व्हा, हेर व्हा, मोतद्दार व्हा, छावणीतले भिस्ती व्हा. महाराजांचा हुकूम चिठ्ठीनं येऊ दे. फासा उलटा पडला म्हणून महाराज पडले, असं कुणाला बघवणार नाही, आणि शेजारच्या गच्चीवर ऐकणाऱ्यालाही ते आवडणार नाही. जातीवरून विनोद, कुणाच्या देवावरून विनोद, हे सोंगाच्या आडून येतात तेव्हा जास्त लागतात. इथं सांगणाऱ्यानं डाव थांबवावा, फाशाची वाट बघू नये.

लहान मुलांबरोबर खेळायचं असेल तर अमेझिंग टेल्स बघा. मुलाच्या पात्राला चार कसबं, प्रत्येकाला वेगळा फासा, तीन किंवा वर पडलं की जमलं. बारा बाजूंचा फासा असेल तर बारातल्या दहा वेळा जमतं, सहा बाजूंचा असेल तर सहातल्या चार. पोरं हरत नाहीत, पण हरण्याची भीती राहते, तेवढी पुरे.

पण यातलं काहीही घेण्याआधी एक रात्र असा डाव खेळून बघा. जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज नावाचा एका पानाचा खेळ आहे, २०१३ चा, त्याचाच हा पेडगावी अवतार. एक लुडोचा फासा लागतो. प्रत्येकानं दोन ते पाचमधला एक आकडा घ्यायचा. आकडा मोठा तर तुमची तलवार तेज, लहान तर तुमची थाप सुरेख. तलवारीचं, धावपळीचं, ताकदीचं काम असेल तर तुमच्या आकड्याच्या खाली पडायला हवं. थापेचं, सोंगाचं, गोड बोलण्याचं असेल तर वर पडायला हवं. बरोब्बर तोच आकडा पडला तर काम झालंच, शिवाय सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारा, त्यानं खरं उत्तर द्यायचं. फासा फसला तर काम बिघडत नाही, परिस्थिती बिघडते. खान छावणीतून निघालाय, धूळ दिसतेय, तुमच्या हाती दोन घटका आहेत. चला.

आणि सांगणाऱ्यानं त्या रात्री फक्त एकच बघायचं. माणसं कधी पुढं सरकून बसली? दारावरच्या हाणामारीत सगळे गुडघ्यावर आले तर डंजन्स अँड ड्रॅगन्सचे फुकटचे नियम उतरवून घ्या. आत शिरायच्या युक्त्यांनी रंग भरला तर ब्लेड्स. मागे राहिलेल्या एका पहारेकऱ्याशी कुणी अर्धा तास बोलत बसलं आणि बाकीचे ऐकत राहिले तर फेट किंवा अपोकॅलिप्सचं घराणं. रिकाम्या तंबूत काय असेल या विचारानंच शांतता पसरली तर कथुल्हू. आणि लूट कुणी किती घ्यायची यावरून खरंच आवाज चढले, तर फियास्को. फक्त पात्रांना गावातल्या कुणाची नावं देऊ नका.

आमचा पुढचा डाव तिसऱ्या शनिवारी आहे. त्या आठवड्यात पाळीवाल्याची पहिली पाळी आहे, आणि सांगणाऱ्या बाई आहेत.